नेतृत्वाची परीक्षा : पाच दिवस आणि पाच वर्षे

जिंतूर तालुक्यातील एका शाळेत गणित शिकवणारे माझे एक स्नेही गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी परभणीला घरी आले. चेहरा उतरलेला होता. त्यांचा एक विद्यार्थी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता. गावात पेढे वाटले गेले होते. त्यानंतर सैन्यदलांच्या निवड मंडळापुढे पाच दिवसांच्या चाचण्या झाल्या आणि मुलगा नापसंत होऊन परत आला. कारण कोणी सांगितले नाही, तसे ते सांगितले जातही नाही. निवड झालेल्यांचे छातीवरचे क्रमांक वाचून दाखवतात आणि बाकीच्यांनी सामान बांधायचे.

सर म्हणाले, "अहो, पाचवीपासून दहावीपर्यंत हा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाढला. पाचही वर्षे वर्गाचा मॉनिटर होता. जे आम्हाला पाच वर्षांत दिसले, ते या मंडळींनी पाच दिवसांत खोटे कसे ठरवले? तुम्ही शास्त्रज्ञ आहात, तुम्हीच सांगा, यात विज्ञान किती आणि अंदाज किती?"

प्रश्न रास्त होता. माझे काम पिकांचे वाण निवडण्याचे आहे, माणसे निवडण्याचे नव्हे. पण निवड म्हटली की काही अडचणी दोन्हीकडे सारख्याच येतात. म्हणून आधी शेतातूनच सुरुवात करू.

रोग आल्याशिवाय प्रतिकार दिसत नाही

भेंडीचे 'परभणी क्रांती' हे वाण आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर घेऊन गेले. १९८०च्या दशकात येथील कृषी विद्यापीठाने ते विकसित केले. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा केवडा हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. त्याला तोंड देण्यासाठी भेंडीचा तिच्या नात्यातील दुसऱ्या प्रजातीशी संकर करून हे वाण तयार झाले.

आता विचार करा. शेतात केवडा आलाच नाही, तर रोगाला बळी पडणारे झाड आणि रोगाला तोंड देणारे झाड यांत फरक काय दिसेल? काहीच नाही. दोन्ही हिरवी, दोन्ही टवटवीत. म्हणून अशा चाचण्यांत रोगाला हमखास बळी पडणारे वाण मुद्दाम मधल्या ओळींत लावतात, म्हणजे रोग सगळीकडे सारखा पसरतो आणि खरे काय ते कळते. शिवाय एका वाफ्यातल्या एका झाडावरून निष्कर्ष काढत नाहीत. तेच वाण अनेक वाफ्यांत, अनेक ठिकाणी, अनेक हंगामांत लावून पाहतात. एका वाफ्यातली जमीन नेमकी चांगली असेल, तर वाणाचे श्रेय जमिनीला जायला हवे.

नेतृत्वाचेही असेच आहे. शांत वर्गात, फळ्यासमोर सरळ रांगेत बसलेल्या मुलांत ते दिसत नाही. काम अडले, वेळ कमी पडली, माणसे एकमेकांचे ऐकेनाशी झाली, की मग ते दिसते किंवा दिसत नाही. ज्यांना माणसे निवडायची असतात त्यांनी म्हणून अशी अडचण मुद्दाम तयार करायची आणि ती एकदा नव्हे, अनेक प्रकारे करायची, ही या सर्व चाचण्यांमागची मूळ कल्पना आहे.

युद्धाने शिकवलेली गोष्ट

ही कल्पना सैन्यातून आली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सैन्याने अधिकारी निवडताना मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यायला सुरुवात केली. उमेदवारांना दोन-तीन दिवस ठेवून घेऊन त्यांना कामे देत आणि निरीक्षण करीत.

ब्रिटिश सैन्यात मात्र दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जुनीच पद्धत होती. थोडा वेळ मुलाखत, त्यात शाळा कोणती, वडील काय करतात, खेळ कोणता खेळता, असे प्रश्न. प्रतिष्ठित शाळांतील मुलांमधून अधिकारी निवडायचे असत तोवर ही पद्धत चालून गेली. युद्ध वाढले, अधिकारी हजारोंनी लागू लागले आणि साध्या घरांतील मुलेही उमेदवार म्हणून येऊ लागली, तेव्हा ती कोलमडली. निवडलेल्यांपैकी बरेच जण प्रशिक्षणात नापास होऊ लागले. मुलाखत घेणाऱ्याला आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारखा बोलणारा मुलगा योग्य वाटत होता, एवढाच त्या निवडीचा अर्थ होता.

१९४२ मध्ये ब्रिटनमध्ये नवी निवड मंडळे स्थापन झाली. विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने त्यात एक साधी पण विलक्षण युक्ती आणली. आठ-दहा अनोळखी उमेदवारांना एकत्र आणायचे, एक काम द्यायचे आणि त्यांच्यात प्रमुख कोण हे सांगायचेच नाही! मग प्रत्येकापुढे पेच पडतो : स्वतः चमकायचे की काम पार पाडायचे? या पेचातून माणूस कसा वाट काढतो, हे पाहायचे. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, ही पद्धत भारतात डेहराडूनला आली. आजची निवड मंडळे हा तिचाच विस्तार आहे.

पाच दिवसांत काय घडते?

एनडीएच्या निवडीत लेखी परीक्षेला ९०० गुण असतात आणि निवड मंडळाच्या चाचण्यांनाही ९००. म्हणजे निम्मे गुण या पाच दिवसांवर अवलंबून असतात.

पहिल्या दिवशी चाळणी असते : बुद्धिमापनाच्या चाचण्या आणि एका अस्पष्ट चित्रावरून गोष्ट लिहून तिच्यावर गटात चर्चा. येथेच बरेच उमेदवार गळतात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रीय चाचण्या असतात. एकामागून एक चित्रे दाखवतात, शेवटचे पान कोरे असते, आणि प्रत्येकावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते. मग साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, शब्द पाहताच मनात येईल ते वाक्य लिहायचे. नंतर अर्ध्या तासात साठ प्रसंगांवर 'तुम्ही काय कराल?' याचे उत्तर. पुढच्या दोन दिवसांत मैदानावरची गटकामे असतात. फळी, दोर आणि ओंडका एवढ्याच साधनांनी, ठरवून दिलेल्या जागांना स्पर्श न करता, साऱ्या गटाने अडथळे पार करायचे. याच काळात केव्हातरी दीर्घ मुलाखत होते. पाचव्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसतात आणि उमेदवारांना एकेक करून समोर बोलावतात.

परीक्षक तीन प्रकारचे असतात : मानसशास्त्रज्ञ, गटकामे घेणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी. पहिला माणसाचे मन पाहतो, दुसरा कृती, तिसरा वाणी. या त्रयीला तेथे 'मनसा, वाचा, कर्मणा' असेच म्हणतात. नियोजन, सहकार्य, जबाबदारीची जाणीव, निर्णयाची गती, धैर्य अशा पंधरा गुणांवर प्रत्येक जण आपापले मत स्वतंत्रपणे नोंदवतो आणि ही मते शेवटी एकत्र ताडून पाहिली जातात. शेतातल्या भाषेत सांगायचे तर एकच वाण तीन निराळ्या वाफ्यांत लावलेले असते.

म्हणूनच पाठ केलेली उत्तरे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. गोष्टीतला नायक धाडसी आणि मैदानावर मात्र मुलगा मागे उभा, ही विसंगती उघडी पडते. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चित्रावरून गोष्ट लिहिणे यासारख्या चाचण्या कितपत विश्वासार्ह आहेत, याविषयी मानसशास्त्रज्ञांत पूर्वीपासून मतभेद आहेत. आणि ज्या भाषेत मुलगा घरी कधी बोलत नाही, त्या भाषेत चर्चा करावी लागली, तर आपण नेतृत्व मोजतो आहोत की भाषा, हा प्रश्न उरतोच.

खात्री आणि खरेपणा

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. यात विज्ञान किती?

१९५५ मध्ये इस्रायलच्या सैन्यात डॅनियल कानेमन नावाचा, मानसशास्त्राची पदवी घेतलेला एकवीस वर्षांचा तरुण होता. त्याच्याकडे नेमके हेच काम आले. आठ अनोळखी जवान, एक लांब ओंडका आणि एक भिंत. ओंडका भिंतीला किंवा जमिनीला टेकू न देता सर्वांनी पलीकडे जायचे. कोण पुढाकार घेतो, कोण हट्टी आहे, कोण खचतो, हे कानेमन आणि त्याचे सहकारी टिपत. त्यांना सारे इतके स्पष्ट दिसे की कोण चांगला अधिकारी होईल याविषयी शंकाच उरत नसे. पण अधिकारी प्रशिक्षण शाळेकडून काही महिन्यांनी निकाल येत, तेव्हा त्यांचे भाकीत नुसत्या अंदाजापेक्षा जेमतेम बरे ठरे. आश्चर्य म्हणजे हे कळल्यावरही पुढच्या गटासमोर उभे राहिले की पुन्हा तशीच खात्री वाटे! खात्री वाटणे आणि बरोबर असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा कानेमन आयुष्यभर विसरले नाहीत. २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग त्यांनी काय केले? नव्या जवानांच्या निवडीसाठी मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुण ठरवले. प्रत्येक गुणासाठी वागण्याविषयीचे ठरावीक प्रश्न : कामावर किती वेळेवर जात होतास, मित्रांबरोबर किती वेळा खेळायचास, वगैरे. एका गुणाचे गुण दिल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही. मुलाखत घेणारे वैतागले, 'तुम्ही आम्हाला यंत्र करून टाकता' म्हणाले. पण या पद्धतीचे भाकीत जुन्यापेक्षा बरेच सुधारले. आणखी एक मौज अशी, की सहाही गुण दिल्यानंतर डोळे मिटून मनाने दिलेला एक अंदाजही तितकाच चांगला ठरला. अंतःप्रेरणा टाकाऊ नव्हती. फक्त तिला आधी शिस्तीने निरीक्षण करायला लावावे लागले.

घाईने बनलेले मत चुकते का? याचे एक कारण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवले होते. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्यांनी तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या अगदी निराळ्या गोष्टी, पण एकात चांगले गुण मिळालेल्याला इतरांतही चांगलेच गुण मिळाले होते. एका गुणाचे तेज इतर गुणांवर पसरते. याला 'प्रभामंडल परिणाम' म्हणतात. सुंदर हस्ताक्षराच्या उत्तरपत्रिकेला हात सैल सुटतो, हा आपला रोजचाच अनुभव. गटचर्चेतही असेच होते. जो जास्त वेळ बोलतो तो लोकांना नेता वाटतो, मग तो काय बोलतो याला फारसे महत्त्व उरत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले.

हिशेब काय सांगतो?

चाचणीतील गुण आणि नंतरची कामगिरी यांचे नाते सहसंबंध गुणांकाने मोजतात. शून्य म्हणजे काहीच नाते नाही, एक म्हणजे अचूक भाकीत. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या निवड पद्धतींविषयीच्या जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली. हे आकडे केवळ नेतृत्वाचे नाहीत, सर्व प्रकारच्या नोकऱ्यांतील कामगिरीचे आहेत. गप्पांसारख्या मोकळ्या मुलाखतीचा गुणांक आला ०.१९. अनेक कामे आणि अनेक परीक्षक असलेल्या पद्धतीचा ०.२९, बुद्धिमापन चाचणीचा ०.३१ आणि ठरावीक प्रश्नांच्या, आखीव मुलाखतीचा ०.४२.

याचा व्यवहारातला अर्थ पाहू. समजा, चाचणीत सरासरीपेक्षा वर असलेले १०० जण घेतले. त्यांपैकी किती जण पुढे कामातही सरासरीपेक्षा वर ठरतील? नाणे उडवून निवडले तर ५०. मोकळ्या मुलाखतीने सुमारे ५६. आखीव मुलाखतीने सुमारे ६४. म्हणजे उत्तम एकेरी पद्धतही शंभरात चौदाचाच फायदा देते. हजारो माणसे निवडणाऱ्या संस्थेला हा फायदा फार मोठा असतो. पण एकट्या मुलाविषयी बोलताना हे विसरता कामा नये, की चाचणीत खाली राहिलेल्या शंभरांतही ३६ जण कामात सरासरीपेक्षा सरस निघाले असते.

टेबलावरचे टपाल

युद्ध संपल्यावर ही पद्धत उद्योगांत शिरली. अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत डग्लस ब्रे यांनी १९५६ पासून ४२२ व्यवस्थापकांचे असे मूल्यमापन केले आणि निष्कर्ष कुलपात ठेवले. कंपनीच्या वरिष्ठांनाही ते दाखवले नाहीत. दाखवले असते तर ज्यांना 'चांगले' म्हटले त्यांनाच संधी मिळाली असती आणि भाकीत आपोआप खरे ठरले असते! काही वर्षांनी कोण कुठे पोचले हे पाहून त्यांनी भाकीत तपासले आणि ते उपयुक्त ठरले. प्रयोग कसा करावा याचा हा नमुना आहे.

या पद्धतीतील एक चाचणी शिक्षकांना फार आवडेल. समजा, तुम्ही आजच मुख्याध्यापक झालात. टेबलावर टपाल पडले आहे. पोषण आहारातील खिचडीबद्दल पालकाची तक्रार, पंचायत समितीला आज दुपारपर्यंत पाठवायची माहिती, दोन शिक्षकांचे एकाच दिवशीचे रजेचे अर्ज, गळणाऱ्या वर्गखोलीविषयी मुलांची चिठ्ठी आणि एका समारंभाचे निमंत्रण. वेळ एक तास. आधी काय हाती घ्याल, काय दुसऱ्यावर सोपवाल, कोणाला स्वतः भेटाल? उत्तम गणित शिकवणारा शिक्षक यात उत्तम ठरेलच असे नाही. विक्रीच्या क्षेत्रातील २०१९ मधील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हेच दिसले. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळे, पण व्यवस्थापक म्हणून ते तुलनेने कमी पडत. आजच्या कामातील प्रावीण्य आणि उद्याच्या कामाची पात्रता या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात. १९७५च्या सुमारास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव या प्राध्यापकांनी हाच भेद करून दिला : कामगिरीचे मूल्यमापन निराळे, सुप्त क्षमतेचे निराळे, आणि दोन्हींच्या जोडीला मार्गदर्शन.

निवड की जोपासना?

मार्गदर्शन हा शब्द महत्त्वाचा आहे. मूल्यमापनाचे दोन हेतू असू शकतात. एक, घ्यायचे की नाही हे ठरवणे. दुसरा, माणसाला आपले कच्चे दुवे दाखवून सुधारायला मदत करणे. पहिल्यात निकाल मिळतो, दुसऱ्यात कारणे मिळतात. निवड मंडळाचे काम पहिल्या प्रकारचे आहे. दुसरे काम आधी कोणीतरी करायला हवे. महाराष्ट्रातील मुले सैन्यात अधिकारी म्हणून कमी जातात, हे पाहून राज्य शासनाने १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली ती याचसाठी. दहावीनंतर दोन वर्षे मुलांना तेथे तयार करतात. २०२३ मध्ये मुलींसाठी अशी संस्था नाशिकला सुरू झाली. पण दहावीपर्यंतची वर्षे शाळेच्याच हाती असतात.

'परभणी क्रांती'चेच पाहा. नंतरच्या काळात अनेक भागांत या वाणाची प्रतिकारशक्ती कमी पडू लागली. वाणाला स्वतःला सुधारता येत नाही. माणसाला येते.

मी सरांना विचारले, "तुमचा हा विद्यार्थी मॉनिटर कसा झाला?"

"पहिला नंबर त्याचा. दुसऱ्या कोणाला करणार?"

"आणि मॉनिटर म्हणून तो काय करायचा?"

सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायचा."

पाच वर्षे पाहिलेला मुलगा त्यांनी एकाच वाफ्यात पाहिला होता. आणि वर्गातल्या बाकी चाळीस मुलांना तर वाफाच मिळाला नव्हता.

आपल्या वर्गात हे बदलणे अवघड नाही. वृक्षारोपण, विज्ञान प्रदर्शन, सहल, शाळेची परसबाग ही कामे सहा-सात जणांच्या गटांना द्यावीत आणि पहिल्या खेपेला प्रमुख नेमू नये. पुढे दर खेपेला प्रमुख बदलावा. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे निरीक्षण करावे आणि विशेषणे न लिहिता घटना लिहाव्यात. 'हुशार आहे' असे नको. 'रोपे कमी पडली तेव्हा शेजारच्या गटाशी बोलून अदलाबदल केली', 'गप्प बसलेल्या मुलीला तिचे मत विचारले', असे हवे. कोणते वागणे टिपायचे ते आधीच ठरवावे. दोघांच्या वह्या नंतरच ताडून पाहाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे दिसले ते त्या मुलाला बाजूला घेऊन सांगावे. अशा दोन-तीन नोंदींवरून कोणावर शिक्का मारू नये. वर्षभराच्या नोंदींतून मात्र अनेक आश्चर्ये हाती येतात.

त्या मुलाला मी वर दिलेला शंभरांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. एका नकाराने त्याची योग्यता ठरत नाही, हे त्याला गणितातूनच पटले. पदवीनंतर सैन्याची आणखी एक परीक्षा देता येते, तेव्हा दार बंद झालेले नाही. मैदानावर काय घडले असे विचारले, तेव्हा म्हणाला, "काका, मला फळी कुठे लावायची ते लगेच कळले होते. पण बाकीच्यांना कसे सांगायचे तेच कळेना."

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. शाळेच्या परसबागेचे काम त्यांनी आठवीच्या मुलांच्या गटांना वाटून दिले होते. प्रमुख कोणालाच नेमले नव्हते. "पहिले दोन दिवस नुसता गोंधळ," ते म्हणाले, "पण वहीची चार पाने भरली."